रूढी नावाचा कायदा आणि चवदार तळ्याचा निकाल

विधी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला विधिशास्त्राचे जे पुस्तक लावलेले असते, त्यात ‘कायद्याचे प्रकार व उगमस्थाने’ हे प्रकरण असतेच. लेखक बदलतो, प्रकाशक बदलतो. प्रकरणाचा साचा मात्र बदलत नाही. आधी प्रकार : सार्वजनिक कायदा आणि खाजगी कायदा, दिवाणी आणि फौजदारी, हक्क सांगणारा आणि हक्क मिळवण्याची रीत सांगणारा. मग उगमस्थाने : रूढी, न्यायालयांचे पूर्वनिर्णय, विधिमंडळाचे अधिनियम. हिंदू कायद्याचा विषय निघाला की याच्या जोडीला श्रुती, स्मृती, टीकाग्रंथ आणि सदाचार. विद्यार्थी हे पाठ करतो, परीक्षेत ओततो आणि पास होतो. हे प्रकरण मीही असेच पाठ करून पास झालो आणि गेली काही वर्षे वर्गात शिकवतो आहे.

यंदा अंतर्गत परीक्षेचे पेपर तपासताना एकच वाक्य चार-पाच उत्तरांत भेटले. रूढी म्हणजे समाजाने पिढ्यान्‌पिढ्या स्वखुशीने पाळलेला आणि म्हणून कायद्याचे बळ पावलेला नियम. त्यातला एक पेपर ज्या मुलाचा होता, त्याची वस्ती मला माहीत आहे. गावाच्या पूर्वेला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. त्याच्या आजीने विहिरीच्या काठावर घागर घेऊन किती तास उभे राहायचे, कोणीतरी वरून पाणी वाढील म्हणून, हे त्याला घरी सांगितलेले असणार. तरी त्याने लिहिले, स्वखुशीने. त्याला चूक म्हणावे तर पुस्तकात तेच आहे. मी पूर्ण गुण दिले आणि पेपर बाजूला ठेवला. या लेखाचे कारण तो पेपर आहे.

प्रकारांच्या वर्गीकरणाशी माझे भांडण नाही. दिवाणी-फौजदारी हा भेद कामाचा आहे आणि कार्यकर्त्याला तो माहीत असलाच पाहिजे. नाहीतर फौजदारी गुन्ह्याची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला ठाण्यातला जमादार ‘हे दिवाणी आहे, कोर्टात जा’ म्हणून वाटेला लावतो आणि तो मुकाट परत येतो. भांडण आहे ते उगमस्थानांशी. उगम हा शब्दच फसवा आहे. नदीचा उगम डोंगरात असतो. तिथे कोणी बसून ती वाहवत नाही. कायद्याचे तसे नाही. कायदा कोणीतरी कोणासाठी तरी केलेला असतो. अधिनियमाच्या बाबतीत निदान विचारता येते की मंडळी कोण होती, मते कशी पडली. पूर्वनिर्णयाखाली न्यायाधीशाची सही असते. रूढीच्या खाली सही कोणाची? पाठ्यपुस्तक म्हणते, सर्व समाजाची. सॅव्हिनी हा जर्मन पंडित म्हणाला की कायदा लोकमानसातून भाषेसारखा आपोआप उगवतो, आणि आमच्या ग्रंथकारांना ते फार आवडले. ऑस्टिनने थोडा रोखठोकपणा दाखवला : राजसत्तेने, म्हणजे तिच्या न्यायालयाने, शिक्का मारल्याशिवाय रूढी हा कायदा नव्हेच. आमच्या दृष्टीने ऑस्टिन अधिक उपयोगी आहे, कारण शिक्का म्हटला की शिक्का मारणारा हात दिसतो.

हिंदू कायद्याच्या विभागात तर पुस्तकांचा सूर एकदम भक्तीचा होतो. मनूने धर्माची चार प्रमाणे सांगितली : वेद, स्मृती, सदाचार आणि आत्म्याला जे रुचेल ते. सदाचार म्हणजे सज्जनांचे आचरण. सज्जन कोण, हे मनूने दुसऱ्याच अध्यायात सांगून टाकले आहे. ब्रह्मावर्तात वर्णावर्णांत परंपरेने जे चालत आले तोच सदाचार. म्हणजे वर्णव्यवस्था पाळणारे ते सज्जन, आणि सज्जन पाळतात म्हणून वर्णव्यवस्था हा कायदा. स्वतःच स्वतःचा जामीन राहण्याचा हा प्रकार आहे. एकाही पाठ्यपुस्तकाने या ठिकाणी एवढे सांगण्याची तसदी घेतलेली मला आढळली नाही की, २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला या ग्रंथाचे जाहीर दहन झाले, आणि ते करणारा नेता हा बॅरिस्टर होता. या दहनाकडे आपण निषेध म्हणून, प्रतीक म्हणून पाहतो. ते कायद्याच्या उगमस्थानांवरचे भाष्यही होते. चारांपैकी एक प्रमाण अग्नीच्या स्वाधीन केले आणि दुसऱ्या एका प्रमाणाशी, म्हणजे आचाराशी, कोर्टात झुंज घेतली. त्या झुंजीकडे मी येतोच.

त्याआधी इंग्रजी अमलाचा थोडा हिशेब करू. कारण एक गोड समजूत आपल्यातही आहे की इंग्रज आला आणि कायद्यापुढे सगळे सारखे झाले. मुंबई इलाख्यापुरते पाहिले तर एल्फिन्स्टनच्या राजवटीत १८२७ मध्ये नियमांची संहिता झाली. तिच्यातल्या चौथ्या विनियमाच्या २६ व्या कलमात उगमस्थानांची उतरंड सरळ लिहून दिली आहे. पहिल्याने पार्लमेंटचे कायदे व सरकारी विनियम. ते नसतील तर ज्या मुलखात दावा उद्भवला तिथली वहिवाट. ती नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा. आणि काहीच नसेल तर न्याय, समन्याय व सद्सद्विवेकबुद्धी. न्याय चौथ्या पायरीवर, वहिवाट दुसऱ्या. आणि त्याच वर्षाच्या दुसऱ्या विनियमाच्या २१ व्या कलमाने दिवाणी न्यायालयांना जातीच्या प्रश्नांत हात घालण्यास मनाई केली. वहिवाट कोणती हे ठरवायला माहिती हवी होती. ती आर्थर स्टीलने दख्खनमध्ये शास्त्र्यांकडून आणि जातीजातींच्या प्रमुखांकडून गोळा केली. ज्याच्यावर वहिवाट चालते त्याला विचारण्याची पद्धत तेव्हा नव्हती. फार बदलली आहे असे आजही म्हणवत नाही. (जोतीराव फुल्यांचा जन्मही १८२७ चाच. योगायोग आहे, पण विसरू नये असा.)

पुढे तर रूढीचे वजन वाढतच गेले. १८६८ मध्ये मदुरेच्या एका प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सांगून टाकले की हिंदू कायद्यात स्पष्ट सिद्ध झालेली वहिवाट ही लिखित वचनाहूनही भारी. काही अभ्यासकांना यात पुरोगामीपणा दिसतो, कारण शास्त्रवचनाचे जोखड सैल झाले. तसे काही जागी झालेही असेल. परंतु आमच्या बाबतीत शास्त्र आणि वहिवाट यांचे भांडण कधी होते? शास्त्राने दूर ठेवले आणि वहिवाटीनेही दूर ठेवले. दोघांतले कोणीही वरचढ झाले तरी घागर रिकामीच.

रूढीचे अधिनियमात रूपांतर कसे होते याचे पुस्तकी उदाहरण इंग्लंडचे देतात. घरचे उदाहरण महारवतनाचे आहे. गावकामगाराची जुनी वहिवाट १८७४ च्या वतन कायद्याने कागदावर आली. काम काय करायचे याला सीमा नव्हती. पाटील-तलाठी सांगेल ते, रात्री-अपरात्री, आणि नाव एकाचे लागलेले असले तरी राबायचे सगळ्या कुटुंबाने. मोबदला म्हणजे तुकडाभर जमीन आणि गावाच्या मर्जीचे बलुते. माझ्या आजोबांच्या बोलण्यात ‘वतन’ हा शब्द ताठ मानेने यायचा. लहानपणी मला वाटे आपणही कोणी वतनदार. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत सगळे सवर्णच नव्हते. वतन जाईल या भीतीने आमचीही काही माणसे धास्तावली होती. रूढीची खरी ताकद इथे आहे. ती ज्याला बांधते त्यालाच आपली राखण करायला लावते. खालच्या दर्जाची ही गाववतने रद्द करणारा अधिनियम यायला १९५८ साल उजाडावे लागले.

आता महाड. घटनाक्रम वाचकांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. १९२३ च्या ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला : सार्वजनिक पैशाने बांधलेले वा राखलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ च्या प्रारंभी महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि परिषदेला आलेले हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. मग मारहाण, मग पंचगव्याने तळ्याची ‘शुद्धी’. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सत्याग्रह पुकारलेला असताना सनातन्यांनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. सत्याग्रह तहकूब झाला. आपल्या आठवणीत महाडची गोष्ट साधारण इथे संपते. कागदावर ती पुढे नऊ वर्षे चालली. महाडच्या न्यायालयाचा निकाल ८ जून १९३१ चा, त्यावरच्या अपिलाचा ३० जानेवारी १९३३ चा, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ चा. पाणी प्याल्याच्या दिवसापासून मोजले तर दहा वर्षांना तीन दिवस कमी. तिन्ही ठिकाणी आपण जिंकलो. उच्च न्यायालयातला निकाल न्या. ब्रूमफील्ड यांनी दिला. १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींचा राजद्रोहाचा खटला ज्यांच्यापुढे चालला, तेच हे. ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ या नावाने तो निकाल ग्रंथित आहे आणि प्रत्येक कार्यकर्त्याने तो एकदा तरी मुळातून वाचावा. वाचला की आनंद होतो, आणि थोड्या वेळाने अस्वस्थता येते.

दावा काय होता? तळे स्पृश्यांच्या मालकीचे आणि ते वापरण्याचा हक्क फक्त स्पृश्यांचा. मालकी टिकली नाही; तळे नगरपालिकेकडे आहे हे सिद्ध झाले. मग उरली ती रूढी. अनादि काळापासून अस्पृश्य या तळ्यावर येत नाहीत, म्हणून त्यांनी न येणे हा आमचा हक्क आहे. वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. दुसऱ्याचे न येणे हा माझा हक्क!

महाडच्या न्यायालयाने यावर जो निवाडा दिला, तो माझ्या मते तिन्हींत सर्वांत खोल आहे. अस्पृश्य पाणी वापरत नव्हते ही जुनी चाल त्याने सिद्ध मानली. पण एवढ्यावरून वादींना कोणताही कायदेशीर हक्क मिळत नाही, असे ठरवले. कोणी एखादी गोष्ट केली नाही म्हणून ती त्याने करू नये असा हक्क दुसऱ्याला जडत नाही. इथे विचार हक्काच्या स्वरूपाचा झाला आहे. वयाचा नव्हे.

वर गेल्यावर विचाराची दिशा बदलली. अपील न्यायालयाने आणि मग उच्च न्यायालयाने प्रश्न घेतला तो रूढीच्या वयाचा. ती अनादि आहे काय? उच्च न्यायालयाने तळ्याचे वर्णन केले आहे. चार-पाच एकरांचे पाणी, भोवती नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरे, जवळपास अस्पृश्यांची वस्ती नाही. मुसलमान हे पाणी वापरतात, त्याला कोणाची हरकत नाही. अशा स्थितीत अस्पृश्य इकडे आले नाहीत याचे कारण रूढीच असेल असे मानता येत नाही. त्यांना येण्याचे कारणच पडले नसेल. सबब अनादि रूढी शाबीत झाली नाही, अपील नामंजूर. आणि मग एक वाक्य असे, की ती शाबीत झालीच असती तर ती अवास्तव किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे काय याचा विचार कदाचित करावा लागला असता. पण खालच्या न्यायालयांत तसा मुद्दा मांडलेला नव्हता.

तो ‘कदाचित’ मला झोपू देत नाही. आपण जिंकलो ते रूढी अन्यायी होती म्हणून नव्हे. ती पुरेशी म्हातारी असल्याचा दाखला वादींना आणता आला नाही म्हणून. अस्पृश्यांची घरे तळ्याच्या काठावर असती, पेशवाईतला एखादा कागद कोणाच्या माळ्यावर सापडला असता, तर? वकिली डावपेच म्हणून हे उत्तम होते, यात वाद नाही. ज्या मैदानात खेळायचे त्याचे नियम बाबासाहेबांना इतरांपेक्षा अधिक ठाऊक होते, आणि समोरच्याचा पुरावा जिथे सर्वांत लंगडा तिथेच घाव घालायचा असतो. टीका वकिलावर नाही. टीका आहे मैदानावर.

त्या मैदानाचे नियम पाठ्यपुस्तकात ‘वैध रूढीच्या कसोट्या’ म्हणून दिलेले असतात : ती प्राचीन असावी, अखंड असावी, निश्चित असावी, शांततेने उपभोगलेली असावी, अवास्तव नसावी, सार्वजनिक धोरणाविरुद्ध नसावी. इंग्लंडात प्राचीन याचा अर्थ ११८९ सालापासून, रिचर्ड पहिला गादीवर आला तेव्हापासून. आपल्याकडे इतका कडक हिशेब लावत नाहीत, एवढीच मेहेरबानी. या यादीतली शांततेची कसोटी पाहा. शांततेने म्हणजे कोणी तक्रार न करता. ज्याने तक्रार केली असती तर त्याची झोपडी जळाली असती, त्याचे गप्प राहणे हे इथे रूढीच्या वैधतेचा पुरावा ठरते. भीती जितकी पक्की तितकी शांतता गाढ. आणि शांतता जितकी गाढ तितकी रूढी वैध. संमती होती की नाही ही कसोटी यादीत नाहीच.

हे केवळ तर्काने म्हणतो असे नाही. महाडच्या निकालातच देवळांच्या खटल्यांचा उल्लेख आहे. देऊळ असेल, लांब काळची चाल असेल आणि इतर जातींनी ती सोसलेली असेल, तर ते देऊळ वरच्या जातींसाठीच अर्पण झाले असे गृहीत धरता येईल, आणि आम्हीही त्यातले उपासक आहोत हे शाबीत करण्याचे ओझे अस्पृश्यांवर पडेल, असा त्याचा आशय आहे. पाण्याला हे गृहीत लागू नाही, म्हणून आपण सुटलो. देवळात सुटका नव्हती. रामनाड मुलखातल्या कमुदी गावी नाडार मंडळी १८९७ मध्ये देवळात शिरली. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९०८ मध्ये तिथे रूढीच्या जोरावर नाडार हरले. तीच ब्रिटिश न्यायव्यवस्था, तीच रूढीची कसोटी. फरक एवढाच की शाबितीचे ओझे कोणाच्या डोक्यावर दिले.

‘अवास्तव नसावी’ ही कसोटी तरी आपली आहे काय? तीही कोणाच्या हातात आहे ते पाहावे लागते. १८६४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे गुजरातेतल्या तळपदा कोळी जातीची एक चाल आली. बाईला नवऱ्याच्या संमतीवाचून काडीमोड घेऊन दुसरे लग्न करता येई. न्यायालयाने ती चाल हिंदू कायद्याच्या भावनेविरुद्ध ठरवून नाकारली. म्हणजे शूद्र जातीतल्या बाईला मोकळीक देणारी रूढी अनीतीची झाली, आणि माणसाला देवळाबाहेर ठेवणारी रूढी टिकली. पाट, काडीमोड, गंधर्व या आपल्या आयाबायांच्या चाली ब्राह्मणी नजरेने हिणकस ठरवल्या गेल्या. त्यांच्यातला मोकळा वारा पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यालाही अंशतः मान्य करावा लागला. त्याच्या २९ व्या कलमाने रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवला आहे. म्हणून सरसकट ‘रूढी मुर्दाबाद’ म्हणण्याच्या मी विरुद्ध आहे. आदिवासी भागात जंगलावरचा, जमिनीवरचा परंपरेचा हक्क हेच माणसाचे एकमेव कागदपत्र असते. १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा त्यावरच उभे आहेत. प्रश्न रूढी जुनी की नवी हा नाही. ती कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, आणि बाहेर ठेवलेल्याला कोणी विचारले होते काय, हा आहे.

संविधानाने उगमस्थानांच्या या उतरंडीवरच हात घातला. अनुच्छेद १३ मध्ये ‘कायदा’ या शब्दाची व्याख्या करताना कायद्याचे बळ असलेली रूढी व वहिवाट मुद्दाम समाविष्ट केली आहे. वरवर पाहता हा रूढीचा सन्मान वाटतो. वस्तुतः ते समन्स आहे. तू कायदा आहेस ना, मग मूलभूत हक्कांपुढे उभी राहा. विसंगत ठरलीस तर शून्य. आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यतेच्या रूढीचा तर वेगळा निवाडाच केला. अनादि असो वा कालची. ब्रूमफील्डसाहेबांचा ‘कदाचित’ तिथे पुसला गेला.

याहूनही महत्त्वाची, पण वर्गात कोणी न शिकवणारी गोष्ट १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात आहे, १९७६ पासून जो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. त्याचे बारावे कलम म्हणते की या कायद्याखालचा गुन्हा ठरणारे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच केले असे न्यायालय गृहीत धरील. तसे नव्हते हे आरोपीने शाबीत करावे. कमुदीच्या देवळात ओझे आमच्या डोक्यावर होते. ते उचलून समोरच्याच्या डोक्यावर ठेवणारे हे कलम आहे. उगमस्थान बदलले की ओझे बदलते, हे विद्यार्थ्याला समजावे म्हणून इतके छोटे आणि इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मला माहीत नाही.

आणि तरीही पाणी अडले. कर्नाटकातल्या एका गावात नव्यानेच खणलेल्या बोअरवेलवर दलितांना पाणी भरू दिले नाही. खालच्या दोन्ही न्यायालयांनी दोषी धरले, उच्च न्यायालयाने सोडले, आणि १९९२ च्या डिसेंबरात ‘कर्नाटक राज्य विरुद्ध अप्पा बाळू इंगळे’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. अस्पृश्यतेच्या गुन्ह्याचे आपल्यापुढे आलेले हे पहिलेच प्रकरण, अशी नोंद त्या निकालात आहे. संविधान लागू होऊन तेव्हा बेचाळीस वर्षे लोटली होती. पण मला थांबवतो तो ‘नव्यानेच’ हा शब्द. बोअरवेल कालची. तिच्यावर अनादि काय, महिन्याभराचीही वहिवाट असणे शक्य नव्हते. महाडला आपण तळ्याच्या रूढीचे वय मोजून जिंकलो. इथे मोजायला वयच नाही. रूढी तळ्यात नव्हती, विहिरीत नव्हती. ती घागर धरणाऱ्या हाताकडे बघण्याच्या नजरेत होती, आणि ती नजर यंत्राने पाडलेल्या भोकापाशीही त्याच दिवशी पोचली. पाठ्यपुस्तकाच्या कसोट्या या रूढीला लावूनच पाहाव्यात. एकही लागू पडत नाही, आणि ती मात्र जिवंत आहे.

संविधानाचे समन्सही सगळ्यांपर्यंत पोचलेले नाही. १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नरसू अप्पा माळी यांच्या प्रकरणात न्या. छागला व न्या. गजेंद्रगडकर यांच्यापुढे असा भेद केला की रूढी निराळी आणि वैयक्तिक कायदा निराळा. वैयक्तिक कायदा अनुच्छेद १३ च्या कक्षेत येत नाही. म्हणजे स्मृतींतून उगवलेला भाग कठड्याबाहेर, लोकांच्या चालींतून उगवलेला आत. शबरीमलाच्या २०१८ च्या निकालात न्या. चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र मतपत्रात या भेदावर टीका केली आहे. विद्यार्थ्यांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचावे. मनूच्या चार प्रमाणांचा झगडा आधुनिक इंग्रजीत चाललेला दिसेल.

शेवटी आपल्या घरातला प्रश्न. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने बौद्धांनाही आपल्या कक्षेत घेतले आहे. त्याचे सातवे कलम म्हणते की विवाह दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनी व संस्कारांनी लागावा. आणि तिसऱ्या कलमातली रूढीची व्याख्या म्हणते की ती दीर्घकाळ, अखंड व एकसारखी पाळलेली असावी. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या समाजाने आपल्या डोक्यावरच्या रूढी जाणूनबुजून उतरवून ठेवल्या, त्याच्या मुलीला पोटगीच्या दाव्यात विरुद्ध बाजूचा वकील विचारू शकतो : वंदना, त्रिसरण, पंचशील आणि पुष्पहार, हा विधी तुमच्यात कधीपासून? सात पावले कोणी चालले नसेल तर लग्न झाले कशावरून? नवरा नांदवीत नसेल तेव्हा हा प्रश्न चर्चेचा राहत नाही, बाईच्या भाकरीचा होतो. नोंदणी केली असली तरी ती लग्न लागल्याचा पुरावा, लग्न नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा सांगितले आहे. मद्रासच्या विधिमंडळाने १९६७ मध्ये पेरियारांच्या चळवळीतल्या स्वाभिमान विवाहांसाठी ‘७-अ’ हे कलम घालून हा प्रश्न निकालात काढला. पुरोहित नको, मंत्र नकोत. नातलग वा मित्रांसमोर एकमेकांना पती-पत्नी म्हणून पत्करल्याचे उभयतांनी आपल्याला समजणाऱ्या भाषेत सांगितले, हार घातला वा अंगठी घातली वा ताळी बांधली, की लग्न झाले. रूढी किती जुनी हे तिथे कोणी विचारत नाही. बौद्ध विवाहासाठी अशाच कायद्याची मागणी आपल्याकडे होत आली आहे. ती अस्मितेची मागणी म्हणून मांडली जाते, आणि म्हणून ऐकणाऱ्याला थांबता येण्याजोगी वाटते.

जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांनी आपल्याकडे लागलेल्या लग्नांची नीट टिपणे ठेवावीत : विधी कोणी चालवला, कोणते शब्द म्हटले गेले, साक्षीला कोण होते, छायाचित्र आहे का. ज्यांना शक्य आहे त्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालीही नोंद करावी. तिथे रूढीचा संबंधच येत नाही. पुढच्या सत्रात मी हे प्रकरण शिकवताना सुरुवात महाडच्या तीन निकालांपासून करणार आहे, आणि त्या मुलाला वर्गात उभे करून विचारणार आहे की पहिल्या न्यायालयाने जो विचार केला तो वरच्या दोघांनी का केला नाही.